शिऱ्यातलं केळं

“सरकारचं फुकटचं चालतं, आणि देवाचं चालत नाही?”

साहेब हे बोलले तेव्हा त्यांच्या हातात प्रसादाची वाटी होती. समोर माझा नवरा मांडी घालून बसलेला, मान खाली. आजूबाजूचे सगळे हसले. मग साहेबांनी वरूनच, हात हाताला लागणार नाही इतक्या वरून, त्याच्या तळहातावर शिरा टाकला. तुपाने निथळणारा, केळं घातलेला शिरा.

मी बायकांच्या रांगेतून ओरडले, “खाऊ नकोस!”

त्याने माझ्याकडे पाहिलं. साहेबांकडे पाहिलं. आणि खाल्ला.

जागा टोकियोतल्या ओजिमा भागातली. आम्ही राहतो त्या सरकारी वसाहतीचं तळमजल्यावरचं सभागृह. बँकेतली, ट्रेडिंग कंपन्यांतली मराठी कुटुंबं जमलेली. साहेब म्हणजे माझ्या नवऱ्याच्या बँकेच्या टोकियो शाखेचे प्रमुख. दरवर्षी त्यांचा सत्यनारायण असतो. आमंत्रण असतं म्हणजे हजेरी असते. आम्ही बौद्ध. पूजेला हात जोडत नाही, मागे बसतो, सतरंज्या घालतो, भांडी आवरतो. साहेबांना हे ठाऊक आहे. ऑफिसात जपानी लोकांसमोर ते माझ्या नवऱ्याच्या आडनावाला आदराचं ‘सान’ लावतात. सभागृहात बूट काढले की अरे-तुरे सुरू.

माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्यात. टोकियोत आल्यावर गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार तो स्टेशनाजवळच्या क्लिनिकमध्ये मशीनला बांधलेला असतो. शुक्रवारनंतर मध्ये दोन दिवस मशीन नाही. म्हणजे रविवारी त्याच्या अंगात घाण सगळ्यात जास्त साठलेली. आणि पूजा रविवारीच, कारण सगळ्यांना सुट्टी. डायलिसिसवाल्याला केळं म्हणजे जहर. नारळपाणी जहर, खजूर जहर, बटाटासुद्धा पाण्यात उकळून, ते पाणी फेकून, मग जरासा. पोटॅशियम चढलं की हृदय थांबतं. क्लिनिकमधल्या नर्सबाईंनी मला पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या केळ्याच्या चित्रावर बोट ठेवून, दोन्ही हातांची फुली करून दाखवलं होतं. भाषा लागलीच नाही.

हे मी वहिनींना, म्हणजे साहेबांच्या बायकोला, आधी सांगितलं होतं. फोन करून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, “अगं, प्रसादाने कधी कुणाला काही झालंय का?”

त्या दिवशी आरतीनंतर गप्पा निघाल्या. आपल्याकडे सरकार गरिबांना मोठ्या आजारांचे उपचार फुकट देतंय, त्यावर. एक जण म्हणाला, चांगलंय की. साहेब लोडाला टेकून बसले होते. म्हणाले, “काय चांगलंय? आजार म्हणजे प्रारब्धाचा भोग. ज्याचा त्याने भोगून संपवायचा. तो माझ्या टॅक्समधून का संपवायचा?” मग माझ्या नवऱ्याकडे वळून, अगदी प्रेमाने हसून, “तुमच्या लोकांचं बरंय रे. शाळा सरकारची, नोकरी सरकारची, आता किडनीपण सरकारची. तीसुद्धा जपान सरकारची!”

हशा. माझा नवराही हसला. तो कसा हसला ते मी पाहिलं. तसं हसायला आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं, मार चुकवायला.

आणि त्या हशातच वाटी आली.

एकदा वाकलेली मान पुन्हा वर येत नाही. शिऱ्यामागून तीर्थ आलं. मग ताट आलं. पिवळीधमक बटाट्याची भाजी, टोमॅटोचं सार. कुणी तरी आग्रहाने वाढत होतं, तो मुकाट खात होता. मी उठून त्याच्याजवळ गेले. तो दबक्या आवाजात म्हणाला, “बस खाली. एक्स्टेन्शनचं त्यांच्याच हातात आहे.”

खरं होतं ते. त्याची इथली मुदत संपत आली होती. ही नेमणूक तरी मिळाली कशी? मोठ्या भूकंपात अणुभट्टी फुटली, त्यानंतर टोकियोला यायला बँकेत कोणी तयार नव्हतं. जमीन हलते, हवेत किरणं आहेत, पाणी पिऊ नका. एकेकाने आईचं आजारपण पुढे केलं, मुलांच्या शाळा पुढे केल्या. तेव्हा माझ्या नवऱ्याचा नंबर लागला. उष्टं ताट म्हणून टोकियो आमच्या वाट्याला आलं. जमीन हलायची थांबल्यावर, सगळं स्थिरस्थावर झाल्यावर साहेब आले.

आम्ही निघालो तेव्हा साहेब दारात उभे राहून कागदी ताटल्या एका पिशवीत आणि प्लास्टिकचे पेले दुसऱ्या पिशवीत भरत होते. कचरा वेगळा करायला त्यांना जपानने शिकवलं. माणसं वेगळी करायला ते घरूनच शिकून आले होते. आम्ही नमस्कार करून घरी गेलो.

संध्याकाळी तो खुर्चीतून उठायला गेला आणि पाय उचलेचनात. “पाय माझे नाहीत असं वाटतंय,” म्हणाला. मग छातीवर हात ठेवला. ओठ पांढरे. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. माझं जपानी दुकानात भाजी घेण्यापुरतं. तोंडातून दोनच शब्द निघत होते. तोसेकि, म्हणजे डायलिसिस. आणि बानाना. तोसेकि, बानाना. तोसेकि, बानाना. पत्ता सांगितला आणि परत तेच. माझी मुलगी कोपऱ्यात उभी राहून रडत होती.

फोनवरच्या माणसाला तेवढ्यावरून सगळं कळलं. त्याने मला शांतपणे काही तरी सांगितलं, आणि सायरन ऐकू येईपर्यंत फोन ठेवला नाही.

हॉस्पिटलात त्याच्या छातीला वायरी लावल्या, शिरेत इंजेक्शनं दिली, रविवार असून मशीन सुरू केलं. विम्याचं कार्ड पाहिलं आणि परत दिलं. एवढंच. कुणी विचारलं नाही, तुमचा धर्म कोणता. कुणी विचारलं नाही, कुठलं पाप केलं होतं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते आणि मला हुंदके आवरत नव्हते. भीतीचे होते, रागाचे होते, आणि एक वेगळाही होता. माझा भाऊ असाच होता. किडन्या गेलेला. आमच्या तालुक्याला मशीन नव्हतं. जिल्ह्याच्या दवाखान्यात होतं, ते बंद पडलेलं. आई अंगारा लावायची, मामा म्हणायचे मागच्या जन्मीचं. भाऊ एसटीच्या सीटवर गेला, माझ्या मांडीवर. मागच्या जन्माने नाही मेला तो. मशीन नव्हतं म्हणून मेला.

क्लिनिकमधल्या नर्सबाईंनी नंतर मला मोबाइलवर भाषांतर करून सांगितलं, की भूकंपात उत्तरेकडची क्लिनिकं पडली, पाणी तुटलं, तेव्हा तिकडचे पेशंट बसगाड्यांतून टोकियोत आणले होते. इथल्या मशीनवर त्यांना जागा करून दिली. मी विचारलं, त्यांच्याकडून काय घेतलं? त्यांना माझा प्रश्नच कळला नाही.

तो घरी आला त्या आठवड्यात साहेब आणि वहिनी आमच्याकडे आले. सोबत नारळ. वहिनींनी घरभर नजर फिरवली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो.

साहेब म्हणाले, “देवाने वाचवलं हो. प्रसाद पोटात होता म्हणून निभावलं.”

मी उठून चहा ठेवला.

“आता एक करा,” साहेब म्हणाले. “घरात सत्यनारायण घाला. मनात किंतु ठेवून खाल्लात, म्हणून त्रास झाला. जोडीने बसा. ऑफिसातल्या सगळ्यांना बोलवा. मी एक्स्टेन्शनचं वर लिहितो. नाहीतर मुंबईला गेल्यावर तुम्हाला कुठल्या खेड्यातली शाखा मिळेल ते माझ्या हातात नाही.”

वहिनी हळूच म्हणाल्या, “आणि तो फोटो तेवढ्यापुरता काढून ठेवला तरी चालेल गं. परत लावायचा.”

माझा नवरा नारळाकडे पाहत होता. म्हणाला, “घालू, साहेब.”

साहेबांनी नारळ पुढे केला. त्याने दोन्ही हात पसरले. तेच हात. त्यातल्या डाव्या हातावर मशीनसाठी शीर जोडलेली आहे, दोरखंडासारखी फुगलेली. त्या हाताला कान लावला की आत घूं घूं ऐकू येतं. रोज झोपताना मी कान लावते. आवाज आहे म्हणजे तो आहे.

मी विचारलं, “वहिनी, शिऱ्यात केळं नाही घातलं तर चालेल?”

“छे! केळ्याशिवाय सत्यनारायणाचा प्रसाद होतो का? आणि यजमानाने आधी खायचा असतो.”

त्याच क्षणी माझ्या आत जे काय लहानपणापासून हसून मार चुकवत होतं ते मेलं.

मी नवऱ्याच्या हातातून नारळ काढून घेतला आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवला. घरी आलेला नारळ परत करायचा नसतो. मी केला.

“पूजा होणार नाही. फोटो उतरणार नाही. आणि माझा नवरा केळं खाणार नाही.”

साहेब म्हणाले, “तुम्ही मध्ये पडू नका. मी त्याच्याशी बोलतोय.”

“मीच पडले मध्ये, म्हणून तो जिवंत आहे. साहेब, आजार पापाने होतो ना? मग तुमच्या मुलाच्या दातांचे उपचार इथल्या पालिकेच्या कार्डावर फुकट झाले, ते कुणाचं पाप? वहिनींनीच मला कौतुकाने सांगितलं होतं. तुम्ही घेतलं तर सोय. आम्ही घेतलं तर भीक?”

वहिनींनी पर्स उचलली. साहेब दारात बूट घालताना एवढंच म्हणाले, “मग भोगा.”

चहा तसाच राहिला.

नवरा माझ्यावर ओरडला. इतका कधी ओरडला नव्हता. “तुला तत्त्व पाहिजे, मला जगायचंय गं! फोटो काय, परत लावला असता!” मग तो रडला. मीही रडले. मी काय केलं होतं ते मला कळत होतं. भावाला मांडीवर घेऊन बसलेली बाई मी, मला कुणी सांगायची गरज नव्हती.  पाचव्या दिवशी क्लिनिकला जाताना तो वाटेत म्हणाला, “तू बरोबर केलंस असं मी म्हणणार नाही. मला भीती वाटते. पण तो शिरा मी परत खाणार नाही.”

एक्स्टेन्शन आलं नाही. बदलीचा हुकूम आला. विदर्भातला एक तालुका. मी तिथे फोन करून विचारलं. मशीन नाही. सगळ्यात जवळचं जिल्ह्याला, एसटीने.

आता मी नोकरी शोधतेय. गावी शाळेत विज्ञान शिकवत होते. इथल्याच कोतो भागातल्या भारतीय शाळेत मुलाखत देऊन आले, उत्तर नाही. मला नोकरी लागली, व्हिसा मिळाला, तर तो माझ्यावर अवलंबून म्हणून इथे राहू शकेल. नाही लागली तर जावं लागेल. मला झोप लागत नाही. त्याच्या हाताला कान लावून पडून राहते.

पण साहेबांच्या दारात मी जाणार नाही. कुणी मध्यस्थी करू म्हणालं, मी नको म्हणाले. इथे राहायला मिळालं तर मशीन आहे. आणि जावं लागलं, तर त्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्याच्या पायरीवर मी सतरंजी घालून बसेन. सतरंज्या घालायची मला सवय आहे. पोरीला शेजारी बसवेन, भावाचा फोटो समोर ठेवेन. कुणी अंगारा घेऊन आलं तर हाकलून देईन, कुणी दया घेऊन आलं तर त्यालाही. मी मशीन मागेन. मशीन येईपर्यंत उठणार नाही.