खडकावर राहिलेल्या चपला

"चपला हितं खडकावर. मंग पाय होडीत."

"अहो काका, चांगल्या चामड्याच्या आहेत. कोणी नेल्या तर?"

"तुमाला पान्यानं नेलं तर काय करू, ती मला काळजी. चपलंची तुमी करू नका. काढा."

नाशिकच्या त्या जाडजूड पाहुण्याने, अवधूतरावाने, बायकोकडे बघितलं. देवश्रीबाईंनी डोळ्यानंच 'काढा' म्हटलं. अवधूतराव खाली बसला, पट्टे सोडले आणि तपकिरी चपला उचलून खडकावर अशा ठेवल्या, जशी काय देवापुढं फुलं.

"ही डिंगी उलटत नाही ना?"

"डिंगी म्हना न्हाईतर परात म्हना. मधी बसा, उबं ऱ्हाऊ नका. उलटत न्हाई."

मुळा धरणाच्या फुगवट्याला हनुमंताचं हे रोजचं बोलणं. माणूस पंचावन्नच्या पुढचा, काळा, सुकट, हाताला वल्ह्याचे घट्टे. वर दोन एकर ऊस आहे, पण तो ऊस भाऊ बघतो. हनुमंताचा जीव पाण्यात. जाळं टाकायचं, कटला-चिलापी धरायची, बायकोनं, भागूबाईनं, ती तळायची, असं कैक वर्षं चाललं. मग कुणीतरी इथला व्हिडिओ मोबाईलवर टाकला आणि शनवार-रविवारी गाड्या यायला लागल्या. "काका, होडी भाड्यानं देता का? आमचं आम्ही वल्हवू." पहिल्यांदा हनुमंताला हे येड्याचं काम वाटलं. आता त्याच्या दोन फायबरच्या होड्या भाड्यानं जातात आणि फुगीर जाकिटाच्या दोऱ्या तो स्वतः ओढून बघतो.

धरण भरलं की जुन्या टेकड्यांचे माथे तेवढे वर राहतात. तीच बेटं. एक वाळूचं, तिथं लोक डबे सोडून बसतात. एक बाभळीचं, तिथं बगळे. आणि तिसरं खाणीचं. दगडाची जुनी खाण पाण्याखाली गेली, तिथं गाळ नाही, म्हणून हिवाळ्यात पाणी काचेसारखं नितळ. शहरातली माणसं डोळ्याला काच लावतात, तोंडात नळी धरतात आणि तिथं पालथी पडून राहतात.

"मासा धरायचा न्हाई, खायचा न्हाई," हनुमंत म्हणायचा. "पावन्यावानी त्याच्या घरी जायाचं अन् तोंड बगून यायाचं. आसू द्या. ज्याची त्याची हौस."

चपलांचा नियम त्याने अंगावर बेतल्यावर केला. बेटावर गेली की माणसं होड्या बदलतात. याच्यातला त्याच्यात, त्याच्यातला तिसरीकडं. परतताना डोकी मोजली की हमखास चुकायची, आणि एकदा एक पोरगं बाभळीच्या बेटावर ओरडत राहिलं. तेव्हापासून चपला खडकावर. जो आला तो आपली चप्पल घालून जातो. खडक मोकळा झाला की माणसं घरी गेली. वही नाही, मोबाईल नंबर नाही. "मानूस आपलं जाकीट इसरंल, पोरगं इसरंल, पन आनवानी कोन जातंय?"

त्या शनवारी दुपारी दुसऱ्या होडीचं वल्हं फुटलं म्हणून हनुमंत गावात सुताराकडे गेला. होड्या परत घ्यायला भागूबाई होती. तो नवं वल्हं खांद्यावर टाकून आला तेव्हा ऊन कलतं झालं होतं, गाड्या गेल्या होत्या आणि खडकावर तपकिरी चपला होत्या.

"कुनाच्या गं ह्या?"

भागूबाई कढईत झारा फिरवत होती. "आसतील कुनाच्या."

"त्या जाड्याच्या हायेत. गाडी गेली त्यांची?"

"कवाच."

"मानसं मोजली का?"

"मी भजी तळू का मानसं मोजू? तुमच्या चपला हायेत की मोजायला."

"म्हनून तर इचारतोय!"

भागूबाईनं तेव्हा वर बघितलं. चपला. तिनं झारा खाली ठेवला. "आवो, घरचा मानूस टाकून कुटुंब जाईल व्हय?"

"दोन गाड्या हुत्या त्यांच्या. ह्यांना वाटलं त्यात बसला, त्यांना वाटलं ह्यात."

हनुमंतानं होडी ढकलली, तसा फळीखाली काही तरी हिरवं चमकलं. काच आणि नळी. त्या जाड्याचीच. काच होडीत आहे, चपला खडकावर, आणि मधला माणूस नाही. भागूबाईनं चुलीवर पाणी ओतलं, पदर खोचला आणि न विचारता होडीत येऊन बसली.

"तू कशाला?"

"तुमी बुडी मारल्यावर होडी कोन धरंल?"

आधी वाळूचं बेट. हनुमंत उतरला. वाळूत पावलंच पावलं, लहान-मोठी, सगळी अनवाणी. चपलेचा ठसा असता तर तो पाहुणा कुठं गेला हे सरळ कळलं असतं. पण चपला तर हनुमंतानंच काढून घेतलेल्या. तो वाकून बघत राहिला, मग परत होडीत चढला. भागूबाईनं त्याच्या हातात वल्हं दिलं. नवऱ्याला कधी टोचायचं आणि कधी नाही, हे तिला कळतं.

बाभळीच्या बेटावर बगळे शांत बसलेले. माणूस असता तर ते बसले नसते. तिथं होडी लावलीच नाही.

राहिली खाण. पाणी हललेलं नव्हतं. हनुमंतानं हाका मारल्या, "ओ पावनं! ओ नाशिककर!" समोरच्या डोंगरावरून हाक तशीच परत आली. मग त्यानं ती हिरवी काच उचलली. इतके दिवस तिला हसला होता. पट्टा डोक्यामागं गेला, नळी तोंडात धरली, तसा भागूबाईनं त्याच्या सदऱ्याचा घोळ मुठीत घट्ट धरला आणि हनुमंत होडीच्या काठावरून पाण्यात तोंड घालून वाकला.

"दिसतंय का?"

त्यानं नळीतून हुं केलं.

"काय दिसतंय? आवो, बोला की!"

तोंड वर काढून त्यानं नळी काढली. "दगडाच्या पायऱ्या दिसत्यात. सुरुंगाची भोकं दिसत्यात."

"अन्?"

"मासं."

"मानूस?"

"बगू दे की नीट."

होडी थोडी थोडी सरकवत त्यानं सगळी खाण बघितली. खाली कलत्या उन्हाचे पट्टे पडले होते आणि त्यात चिलापीचा थवा एकाच जागी, शेपट्या हलवत उभा होता, बाजारात गिऱ्हाईक नसलेल्या भाजीवाल्या बायांसारखा. जन्म गेला मासे धरण्यात. जाळ्याबाहेर ते असे उभे राहतात हे त्याला आज कळलं. पण त्याचं लक्ष मोकळ्या तळावर होतं. एक कोपरा, दुसरा कोपरा. माणूस नव्हता. त्यानं काच काढली तेव्हा कपाळावर लाल वळ उठला होता.

"हितं न्हाई," तो म्हणाला. "गावात सांगाया पायजे. जाळंवाली पोरं घेऊन येतो."

वल्ही मारत ते निघाले. अर्ध्यात आल्यावर भागूबाई म्हणाली, "ती बाई कुत्र्याला लई भ्याली हुती बगा. मी आपलं मनात म्हनलं, आमचा काळू काय खातोय का हिला."

"कवा?"

"जाताना. 'मागं बघू नका, सरळ गाडीत बसा' म्हनली. दोनदा म्हनली."

हनुमंताची वल्ही थांबली. "कुनाला म्हनली?"

"आं?"

"'मागं बघू नका', ही कुनाला म्हनली?"

भागूबाईचं तोंड उघडंच राहिलं. पोरांना कुणी 'बसा' म्हणत नाही, नवऱ्यालाच म्हणतात. आणि गाडीच्या काचेपाशी तिनं रुईच्या पानांची माळ लटकलेली बघितली होती.

"आज वार काय?" हनुमंतानं विचारलं, जरी त्याला माहीत होतं.

"शनवार. आवो, शिंगनापूरहून आली आसतील ती."

आमच्याकडं हे कुणाला सांगावं लागत नाही. शनवारी शनीचं दर्शन घेऊन येताना माणसं पायातल्या चपला तिथंच सोडतात. मागं न बघता निघायचं, म्हणजे पनवती चपलांबरोबर मागं राहते.

"पर तिथं सोडायच्या सोडून हितं? माझा खडक काय देऊळ हाय? अन् तसं नसंल तर?" हनुमंतानं परत वल्ही धरली आणि आता दुप्पट जोरानं मारली.

काठाला लागले तेव्हा दिवेलागण होत होती. रस्त्यावरून गाडीचे दिवे खाली आले. गाडी थांबली, दार उघडलं आणि राहुरीत घेतलेल्या पांढऱ्या शुभ्र नव्या चपला आधी खाली उतरल्या. त्यात अवधूतराव होता.

"काका, होडीत माझा मास्क राहिला का?"

हनुमंतानं त्याला वरून खालपर्यंत बघितलं, मग खालून वर. "सगळं हायेसा न्हवं? हात, पाय?"

"म्हणजे?"

हनुमंतानं खडकावरच्या चपला उचलून पुढं केल्या. तसा तो एवढा मोठा गडी हात पाठीमागं घेऊन तीन पावलं मागं सरला आणि मान फिरवून बाभळीकडं बघायला लागला.

"नको, नको! इकडे आणू नका त्या!"

गाडीतून देवश्रीबाई ओरडल्या, "अहो, बघू नका म्हटलं ना!"

"नाही बघत गं!" मग तो बाभळीलाच सांगावं तसं बोलला, "काका, सकाळी देवळात बूट होते पायात, महागाचे, तिथं सोडायचा जीव झाला नाही. गाडीतल्या चपला घालून इथं आलो. तुम्हीच काढून ठेवायला लावल्या, तर ही म्हणाली, योगच आहे, शनिवार संपायच्या आत..."

"अन् ह्यांनी खान धुंडाळली तुमच्यासाठी!" भागूबाई कडाडली. "मी ह्यांचा सदरा धरून बसले, अन् हे पान्यात तोंड घालून तुमचं मढं हुडकत्यात! तुमची साडेसाती आमच्या दारात टाकता, सांगून तरी टाका!"

अवधूतरावाची मान वळली. हनुमंताचा भिजलेला सदरा, कपाळावरचा वळ त्यानं बघितला. चपलाही बघितल्या, आता बघायचं काय राहिलं होतं. "चुकलं काका," तो म्हणाला. "खरंच चुकलं. द्या, नेतो मी त्या."

"ऱ्हाऊ द्या," हनुमंत म्हणाला. हिरवी काच त्याच्या हातात दिली. "जावा. अन् ह्या काचंतनं मासं लई ब्येस दिसत्यात. खोटं कशाला बोलू."

रविवारी सकाळी नऊलाच पहिली गाडी आली. नागापूरच्या कंपनीतली चार पोरं. हनुमंत खडकाजवळ उभा होता, पायात तपकिरी चामड्याच्या चपला.

"काढा त्या, मी सांगते," भागूबाई चुलीपासून म्हणाली.

"बरुबर बसत्यात. शनीला माझ्यापाशी काय घावायचं हाय? दोन होड्या अन् तू." तो पोरांकडं वळला. "हां, चपला हितं खडकावर. मंग पाय होडीत. अन् काल शिंगनापूरला कोन गेल्तं?"

एका पोरानं हात वर केला.

"तू जाताना चपला घालून मला दाखवायच्या. त्याबिगर गाडीत बसायचं न्हाई," म्हणत हनुमंतानं त्याच्या जाकिटाची दोरी ओढून बघितली आणि होडी पाण्यात लोटली.