दाणा हुरड्याला आलाय, निघा

इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजाने ज्वारीचं कणीस टपोरं भरतं, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच आहे, आणि दैवाने तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला नवरा म्हणून दिला आहे. माणूस बायको पाहून करतो, सासरा पत्करतो, मेव्हणा सोसतो. साडू मात्र त्याला न काढलेल्या तिकिटावर लागतो. मला पहिलं बक्षीस लागलं. गेली कित्येक वर्षं दर हिवाळ्यात मैंदर्गीच्या शिवारात, ज्वारीच्या पिकाच्या मधोमध, रॉक आणि मेटल संगीताचा जो जंगी कार्यक्रम होतो, त्याचे जनक, पालक, स्वयंपाकी आणि पहिल्या रांगेतले पहिले श्रोते म्हणजे हे आमचे साडू. त्या कार्यक्रमाला नाव नाही. बेंगळुरू-हैदराबादचे वादक त्याला काय म्हणतात ठाऊक नाही, आम्ही घरचे लोक नुसतं 'कार्यक्रम' म्हणतो आणि तेवढ्याने आमच्या सासऱ्यांचं रक्त उसळतं.

साडूंची सोलापूरच्या मार्केट यार्डात डाळींची अडत आहे. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, अंगात परीटघडीचा पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या आत काळा टी-शर्ट. उन्हं चढली, शर्ट घामाने भिजला, की त्यातून एक कवटी हळूहळू वर येऊ लागते. तुरीचा भाव करायला आलेला वैरागचा शेतकरी बोलता बोलता थांबतो, साडूंच्या पोटाकडे बघतो आणि पाच-दहा रुपयांवरून मुकाट्याने माघार घेतो. हे वेड त्यांना लागलं बेंगळुरूत. तरुणपणी डाळीचा ट्रक घेऊन गेले होते. जेवून लॉजवर आडवे झाले, तर वरच्या मजल्यावर धडाधड सुरू. दुपारची झोप मोडली म्हणून बाह्या सरसावून भांडायला वर गेले. वर चार पोरं तालीम करत होती. साडू दारात उभे राहिले, मग आत गेले, मग खाली बसले. ट्रक ड्रायव्हर संध्याकाळी शोधत आला तेव्हा ते डोळे मिटून मान हलवत होते. "मी शिव्या द्यायला तोंड उघडलं," ते सांगतात, "आणि त्या पोरानं माईकमधून माझ्यापेक्षा जोरात दिल्या. मनात म्हटलं, हा आपला माणूस."

त्यांची पारख मात्र अस्सल अडत्याची. गाणं ऐकताना ते उजवा हात पुढे पसरतात आणि चिमटीत दाणे असल्यासारखं काहीतरी चोळत राहतात. मग निकाल देतात: "गिटारवाला चांगलाय, पण ओल आहे अजून. वाळू द्या दोन वर्षं." किंवा, "ड्रमर जुना माल. एक खडा सापडायचा नाही." कार्यक्रमासाठी बँड निवडायची त्यांची पद्धत तर अशी आहे की ती कळल्यावर एका पुण्याच्या बँडने दोन दिवस अन्न घेतलं नाही. आलेली गाणी ते दुकानात लावतात आणि हमालांना पोती उचलायला सांगतात. ज्या गाण्यावर पोतं हलकं वाटतं तो बँड पास. ज्या गाण्यावर मंडळी बिडी ओढायला बाहेर जातात त्याला नम्र नकार. पुण्याचा तो बँड पुढच्या वर्षी जास्त दणदणीत गाणं घेऊन आला आणि त्याच्यावर एक अख्खा ट्रक भरून झाला.

पहिल्या वर्षी कार्यक्रम म्हणजे खरं तर हुरडा पार्टी होती. सासऱ्यांच्या रानात विहिरीला लागून मुरमाड, उजाड असा एक तुकडा आहे; तिथे आगटी पेटवली होती आणि साडूंनी सोलापूरच्या कॉलेजातला एक बँड "जेवायला" म्हणून बोलावला होता. श्रोते दोन्ही हातांच्या बोटांत मावतील एवढे, आणि त्यात दोन बैल. दुसऱ्या वर्षी स्टेज हवं म्हणून ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या एकमेकींना लावून उभ्या केल्या. चाकाखाली दगड ठेवायचं कुणालाच सुचलं नाही. तिसऱ्या गाण्यात ढोलकाम असं काही रंगलं की ट्रॉल्या हळूहळू फाकत गेल्या; गायक एकीकडे, ड्रमर दुसरीकडे, आणि मधल्या फटीत पाय टाकून उभा राहिलेला गिटारवाला पोरगा कुठल्या पक्षात जावं या विचारात. लोकांना ते इतकं आवडलं की तिसऱ्या वर्षी शेजारच्या गावांतून माणसं "त्या फाकणाऱ्या ट्रॉल्या" बघायला आली. मग हुबळीचे आले, हैदराबादचे आले, आणि एका वर्षी सगळं शिवार काळ्या कपड्यांनी असं भरून गेलं की रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतल्या बायांनी कुणाच्या तरी मयताचं समजून हात जोडले.

तारीख? तारीख कधीच ठरलेली नसते. हुरडा नाही तर पाहुण्याला बोलवायचं कशाला, हा साडूंचा धर्म. बँडवाले फोन करून करून थकतात, साडू रोज रानात जाऊन कणीस तळहातावर चोळतात, आणि एके दिवशी सगळ्यांना निरोप जातो: "दाणा हुरड्याला आलाय, निघा." मग ते बिचारे नोकऱ्यांत थापा मारून गिटारी पाठीला लावून निघतात. आल्यावर प्रत्येकाचा सत्कार झाल्याशिवाय वाद्याला हात लावू दिला जात नाही: खांद्यावर चादर, हातात नारळ, डोक्याला फेटा. एकदा बेंगळुरूच्या लांबकेशी गायकाने फेट्यासकट मान हलवायला सुरुवात केली. फेटा सुटला, गोल गोल फिरत पहिल्या तीन रांगांवर पसरला, आणि टाळ्या थांबेनात. तेव्हापासून बँड स्वतःहून फेटे मागतात. एका मोठ्या बँडने आधी कागद पाठवला होता, त्यात लिहिलं होतं: स्टेजवर दोन स्वच्छ टॉवेल हवेत. साडूंना तो अपमान वाटला. सोलापूरला येऊन दोन टॉवेल? त्यांनी अख्खा गठ्ठा पाठवला. ते पाच जण अजून त्यातलेच वापरत असतील.

वैरागहून साडूंची मावशी येते. कानात कापूस घालून पहिल्या रांगेत शेंगा फोडत बसते. घशातून खरखरीत खेकसत गाणारा एक पोरगा गाणं संपवून खाली उतरला, तर ही वाटी घेऊन उभी. "लेकरा, घसा लई बसलाय तुजा. मध-आलं हाय, चाट." पोरगा सहा फुटी, दंडभर गोंदण. निमूटपणे चाटलं आणि पाया पडला.

आता आमचे सासरे. आम्ही दोघे जावई त्यांना मामा म्हणतो. मैंदर्गीत त्यांच्या शब्दाला वजन आहे. निम्मं मराठी, निम्मं कन्नड बोलतात आणि रागावले की पूर्ण कन्नड. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही कार्यक्रम ऐकला नव्हता. त्या दिवशी ते पहाटेच उठून अक्कलकोटला बहिणीकडे जात. टी-शर्टवरची कवटी अशुभ आहे, असं त्यांनी एकदा साडूंना सुनावलं होतं. साडू म्हणाले, "मग शंकराच्या गळ्यात काय असतं, मामा?" मामांना उत्तर सुचलं नाही, आणि ज्या प्रश्नाला उत्तर सुचत नाही तो विचारणाऱ्या जावयाला कुठला सासरा माफ करतो?

तर यंदा मामांनी जाहीर केलं की विहिरीजवळच्या त्या मुरमाच्या तुकड्यात डाळिंब लावायचं. डाळिंबाला तशी जमीन फार मानवते, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. दुसरीकडे कुठे कार्यक्रम न्यावा, तर सगळीकडे उभं पीक. साडूंचा चेहरा उतरला. दोन दिवस त्यांनी दुकानात एकही गाणं लावलं नाही; हमालांनी घरी निरोप पाठवला की मालकांना डॉक्टरकडे न्या. शेवटी मला बरोबर घेऊन ते मैंदर्गीला गेले आणि मामांसमोर मांडी घालून बसले.

"मामा, एकदा बसून ऐका. मग तुम्ही म्हणाल तसं."

मामांनी पान लावलं, तोंडात टाकलं, सावकाश चावलं. "बसतो की. ऐकून मग खड्डे घेतो."

"आणि आवडलं तर?"

"जावईबापू," मामा म्हणाले, "खड्डे काढणारी माणसं मी सांगून ठेवलीत."

इथे विजेचं सांगायला हवं. साडूंना जनरेटर चालत नाही. त्याची घरघर बेसूर असते आणि गाण्यात मिसळते, असं त्यांचं मत. कार्यक्रम शिवारातल्या थ्री फेज लाइनवर होतो, आणि ती ज्या आठवड्यात दिवसा असते त्या आठवड्यातच. त्या लाइनवर सगळ्यांच्या विहिरींच्या मोटरी. त्या चालू झाल्या की दाब पडतो आणि गिटारीला दम लागतो. म्हणून आदल्या दिवशी साडू प्रत्येक विहिरीवर जाऊन स्टार्टरच्या पेटीला हळद-कुंकू लावतात, सुपारी ठेवतात आणि मालकाला सहकुटुंब आमंत्रण देतात. मग कुणी मोटर लावत नाही. पाण्याची पाळी सोडणं ही आमच्याकडे केवढी गोष्ट आहे, हे शेतकऱ्यालाच कळेल.

यंदाही आमंत्रणं झाली. सकाळी लोक जमले, हुरडा भाजला गेला, शेंगाचटणी फिरली. मामा पांढरं उपरणं घेऊन पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीत, निकाल द्यायला बसलेल्या न्यायाधीशासारखे. वीज आली, स्टेजवरचा दिवा लागला, हैदराबादच्या ड्रमरने काठ्या उचलल्या, गिटार कडाडली, आणि चौथ्या ठोक्याला गिटार, गायक, स्पीकर सगळं एकदम मेलं. दिवा हळदीसारखा पिवळा पडला. चारी दिशांनी मोटरींचा घुमण्याचा आवाज येऊ लागला.

झालं होतं असं, की यंदा झाडून सगळ्यांनी स्टार्टरला 'ऑटो' बसवून घेतला होता. वीज आली की मोटर आपली आपण सुरू होते, माणसाने रानात जायलाच नको. कार्यक्रमाला येताना मोटर लावायची नाही, एवढं सगळ्यांच्या लक्षात होतं. कुणी लावली नव्हतीच. ऑटोचं बटण बंद करायचं मात्र एकालाही आठवलं नाही.

"झालं?" मामांनी विचारलं.

साडूंचा चेहरा मी आयुष्यात तसा पाहिला नव्हता. पण स्टेजवर एक वाद्य अजून जिवंत होतं. ड्रमला वीज लागत नाही. तो हैदराबादचा ड्रमर एकटाच वाजवत राहिला. त्याच्याकडे बघून साडूंना काय झालं कुणास ठाऊक, ते ट्रॉलीवर चढले आणि ज्या आवाजात मार्केट यार्डात लिलाव पुकारतात त्या आवाजात ओरडले, "अहो ऑटो! ऑटो बंद करा की सगळे!"

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, कपाळावर हात मारले आणि मोटारसायकली सुटल्या. "माजी चालू हाय व्हय रं?" "तुजीच तर हाय की बेण्या, आवाज ऐक." प्रत्येकाच्या मागे एकेक काळ्या कपड्यातला पाहुणा, कुठे चाललोय हे न कळता बसलेला. चारी दिशांना धूळ उठली. इकडे ड्रमर थांबायला तयार नाही. लांबवर एक मोटर बंद पडली, दिवा किंचित उजळला. दुसरी बंद पडली, आणखी उजळला. लोक दिव्याकडे बघत प्रत्येक विहिरीला टाळ्या देऊ लागले. होता होता सगळीकडे सामसूम झालं आणि तरी दिवा पूर्ण लागेना. एक मोटर अजून घुमत होती. स्टेजच्या मागेच. मामांची.

हे सगळ्यांना ऐकू येत होतं आणि सांगायची छाती कुणाचीच नव्हती. मावशीसुद्धा शेंगा फोडायची थांबली. साडू ट्रॉलीवरून खाली उतरले आणि नुसते उभे राहिले. त्या विहिरीकडे त्यांनी पाऊल टाकलं नाही. मामा बसून होते, नजर ड्रमरवर. तो पोरगा घामाने निथळत होता, पण ठोका सोडत नव्हता.

मग मामा उठले. गुडघा धरून, उपरणं सावरून चालू लागले. साडू आधाराला धावले, तर हात झटकला. विहिरीवर जाऊन त्यांनी पेटी उघडली, आधी ऑटो पाडला, मग लाल बटण दाबलं. दिवा पांढराशुभ्र झाला, आणि इतका वेळ कोंडलेली गिटार अशी कडाडली की ज्वारीतून पाखरांचा थवाच्या थवा उठला. माणसं नाचली, मोटारसायकलींवरून परतणारे गाड्या टाकून नाचले, फेटे सुटले. मी भजनाच्या कानाचा माणूस. मीही नाचलो, आणि माझ्या बायकोने ते पाहिलं.

मामा परत खुर्चीवर आलेच नाहीत. पेटीवर हात ठेवून शेवटपर्यंत तिथेच उभे राहिले, जणू कुणी येऊन हिरवं बटण दाबेल. तिथून त्यांनी सगळे बँड ऐकले. पांगापांग होताना साडू त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. 

"त्या ढोलवाल्याला पोटभर जेवायला घाल," मामा म्हणाले. "करंट नव्हता तरी थांबला नाही. चलो अद." म्हणजे चांगलं आहे. एवढी स्तुती त्यांनी माझी लग्नातही केली नव्हती. आणि मग, विहिरीकडे तोंड करून, "डाळिंब वरच्या तुकड्यात लावू. तिकडं पाणी न्यायला पाईप लागंल, तो तू आण."

संध्याकाळी साडू आणि मी त्यांच्या जीपमधून सोलापूरला परत निघालो. एरवी येताना ते गाणी इतक्या मोठ्याने लावतात की जीपच्या काचा थरथरतात. यंदा मी सवयीने गाणी लावायला हात पुढे केला, तर त्यांनी तो अलगद धरला. "राहू द्या, पाव्हणं. कानात अजून घुमतंय. घुमतंय तोवर संपला नाही कार्यक्रम."

माझ्याही कानात घुमत होतं. दोन्ही बाजूंना ज्वारी मागे पडत होती आणि आम्ही दोन पिकल्या केसांची माणसं, सांडू नये असं काहीतरी डोक्यात घेऊन, माना न हलवता बसलो होतो. सोलापूरचे दिवे दिसायच्या सुमारास माझ्या कानातलं विरलं. त्यांचंही विरलं असावं, कारण घर जरा उशिरा यावं म्हणून त्यांनी जीपचा वेग कमी केला.