दारावरची पाटी वाचून

आमच्या भागात एकाच रस्त्यावर आता थाई, कोरियन आणि जपानी अशी तीन हॉटेलं झाली आहेत. महिन्याभरात मी तिन्ही पालथी घातली. नूडल्स तांदळाच्या की गव्हाच्या, रस्सा माशाचा की सोयाबीनचा, हे मी आता नुसत्या वासावरून सांगते आणि मैत्रिणींसमोर मिरवतेही.

काल जपानी हॉटेलात किमोनो घातलेल्या मुलीनं कमरेत वाकून जपानीत स्वागत केलं. मी भारावले. एकेक शब्द सुटा करून, अगदी सावकाश इंग्रजीत, तिला कमी तिखट आणायला सांगितलं.

"आत सांगून ठेवलंय, काकू," ती स्वच्छ मराठीत म्हणाली. "थाई हॉटेलात तुम्हाला मिरची झोंबली होती ना? कोरियनमध्येही मीच कमी करून आणलं होतं."

तिन्ही हॉटेलांचा मालक एकच. जिथे माणूस कमी पडेल, तिथला पोशाख चढवून ही उभी राहते. गाव आसामातलं; पुण्यात येऊन आठ वर्षं झाली.

तिन्ही वेळा मी तिच्याकडे बघून हसले होते. किती लांबच्या देशातून आली बिचारी, असं तिन्ही वेळा मनात आलं होतं. आणि देश प्रत्येक वेळी मीच ठरवला होता, दारावरची पाटी वाचून. जीभ एवढी शहाणी झाली माझी. डोळ्यांना कुणी काही शिकवलंच नाही.

निघताना ओशाळून मी तिला नाव विचारलं.

"मागच्या वेळी सांगितलं होतं, काकू," ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी कमरेत वाकली.