सुमनबाईंनी नको म्हटलेला फोटो

विनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात, आमच्या स्वयंपाकघरात लोणचं कालवत बसले होते. हात तेलातिखटात बुडालेले, म्हणून पहिल्यांदा फोन वाजला तो मी वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा ह्यांनी उचलून माझ्या कानाला लावला. पलीकडून सुनंदा, माझी भावजय. "ताई, हे उठतच नाहीत..." एवढंच म्हणाली. आदल्या दिवशी तो दर्यापूरकडच्या एका लग्नाचे फोटो काढून अमरावतीला घरी परतला होता, बॅटऱ्या चार्जिंगला लावून झोपला होता. सकाळी बॅटऱ्या भरलेल्या होत्या आणि माझा धाकटा भाऊ गेलेला होता. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी नाव सांगितलं. मी ते विसरले.

अमरावतीला निघालो. मूर्तिजापूर यायच्या आधी माझा फोन वाजला. एका वर्तमानपत्रातून बोलत होते. बातमी त्यांना कळली होती. विनायकरावांनी काढलेला एखादा उत्तम फोटो मिळेल का, उद्याच्या अंकात मोठा लावू, म्हणाले. मी रडत होते. पण रडतारडता माझ्यातली चित्रकलेची बाई जागी झाली. तीस वर्षं मुलांच्या वह्यांवर शेरे मारणारी, कुठलं चित्र भिंतीवर लावायचं ते ठरवणारी. उत्तम फोटो म्हटल्यावर माझ्या मनात एकच आला. तो माझ्या फोनमध्ये होता. मी पाठवून दिला. भावाचं तोंड अजून पाहिलं नव्हतं, आणि त्याचा फोटो निवडून मोकळी झाले होते.

तो फोटो छापायचा नव्हता. हे मला माहीत होतं. विसरले वगैरे म्हणायची सोय नाही.

विनूनं कॅमेरा हातात घेतला तो मूर्तिजापुरात, आमचे वडील शाळामास्तर असताना. मामांनी टाकून दिलेला कॅमेरा होता, त्याचं झाकण रबर लावून बंद ठेवावं लागे. मी तेव्हा चित्रकलेचा कोर्स करत होते आणि मला वाटे की जगातली सगळी रचना मला कळते. "चौकटीच्या कडा आधी बघ, माणूस मग," असं मी त्याला शिकवलं. त्यानं ते निमूट ऐकलं आणि शकुंतलेचे, म्हणजे आमच्या त्या छोट्या रेल्वेगाडीचे, मावळतीपुढचे फोटो काढून काढून मला दाखवले. मी वा वा म्हटलं. पुढं तो अमरावतीच्या एका स्टुडिओत लागला. पासपोर्टचे फोटो, बारशी, डोहाळजेवणं. मालकाशी पटेना, तेव्हा नोकरी सोडून स्वतःचं काम धरलं. वडील म्हणाले, आता हा लोकांच्या लग्नात जेवून पोट भरणार. ते खरंच झालं, फक्त त्याला जेवायला वेळ कधी मिळाला नाही. पंगती उठल्यावर मांडवाच्या मागं उभ्यानं खायचा.

लग्नाच्या कामाला तो कंटाळायचा आणि ते जीव ओतून करायचा. दोन्ही एकदम. नंतर प्री-वेडिंगचं खूळ आलं. चिखलदऱ्याच्या धुक्यात काळा चष्मा लावलेल्या नवरदेवाला "जरा हवेत पाहा" असं सांगताना याचा चेहरा काय होत असेल, या कल्पनेनं आम्ही हसून लोळायचो. "ताई, मले माणसंच दिसत नाई आता," तो एकदा वैतागून म्हणाला, "नुसते दागिने दिसून राह्यले." म्हणून लग्नसराई संपली की मोटारसायकल काढायचा आणि वऱ्हाडभर हिंडायचा. हे फोटो कुणी मागितलेले नसत. ते तो पहिल्यांदा मला पाठवायचा. मी शेरा द्यायची. इथं काप, तिथं उजेड जास्त. वर्षानुवर्षं हे चाललं. मग हळूहळू त्याचे फोटो माझ्या शिकवणीतून निसटायला लागले. मावळतीचे सूर्य गेले. कडा वाकड्यातिकड्या राहू लागल्या. माणसं जवळ आली, इतकी की त्यांच्या कपाळावरचा घाम दिसावा. मी शेरा द्यायला जायची आणि मला शब्द सापडायचा नाही. कौतुक वाटायचं... आणि खरं सांगायचं तर जरा टोचायचंही.

धामणगाव रेल्वे या गावी एका हमालाचा फोटो त्यानं काढला होता. दुपारच्या वेळी रुईच्या गाठींवर झोपलेला, तोंड उघडं, एक हात खाली लोंबणारा. एका पुरवणीत तो छापून आला आणि खूप गाजला. मीच पाठवायला लावला होता. काही दिवसांनी विनू तिकडं गेला तर तो हमाल कामावर नव्हता. मालकानं फोटो पाहिला होता आणि झोपा काढायच्या असतील तर घरी काढ, म्हणाला होता. विनू त्याच्या घरी गेला, मालकाकडं गेला, हातापाया पडला आणि माणसाला परत कामावर लावून आला. त्यानंतर त्यानं एक रीत घातली. लग्नाबाहेरचा कुठलाही फोटो असो, आधी कागदावर काढायचा, तो घेऊन त्या माणसाकडं जायचं, त्याच्या हातात द्यायचा आणि विचारायचं, हा लोकांना दाखवू का? नाही म्हटलं की तो कागद त्याचा. विनूकडून तो फोटो पुन्हा कधी बाहेर पडायचा नाही. यात त्याचे कितीतरी चांगले फोटो गेले. एखाद्या फोटोसाठी मेळघाटात तीन-तीनदा खेपा घालायचा. इतर छायाचित्रकार त्याला हसत. मीही हसले आहे.

आता तो फोटो. सुमनबाई हे नाव मी दिलेलं आहे. हे लिहू का, असं त्यांना विचारूनच लिहिते आहे. अंजनगाव सुर्जीकडं पानपिंपरीचे, म्हणजे औषधी पिंपळीचे, मळे आहेत. उंच वेल, आत हिरवा अंधार, वरून उजेडाचे ठिपके. विनू तिथं मळ्याचे फोटो काढायला गेला होता. सुमनबाई पिंपरी तोडत होत्या, साडीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा सदरा घातलेला, शेतातल्या बाया घालतात तसा. नीट फोटो यावा म्हणून विनू मागं मागं सरकत गेला आणि पाण्याच्या दांडात धपकन बसला. बाई हसल्या. मान मागं टाकून, सगळे दात दाखवत. तोंडावर न्यायला हात उचलला होता, पण तो पोचायच्या आत, चिखलात बसल्या बसल्या, विनूनं बटण दाबलं. त्याच संध्याकाळी त्यानं तो मला पाठवला. मी फोन हातात धरून किती वेळ बसले होते. असं हसू मी आयुष्यात कागदावर पाहिलेलं नव्हतं.

कागद घेऊन तो परत गेला तेव्हा त्याला कळलं. फोटो काढला तेव्हा बाईंचा नवरा जाऊन महिनासुद्धा झालेला नव्हता. सदरा त्याचाच होता. त्यांनी नको म्हटलं.

मी फोनवर त्याच्याशी भांडले. "अरे, आयुष्यात एकदा मिळतो असा फोटो. बाईंना नीट समजावून सांग. कलेत असं..."

"तिनं नाई म्हनलं, ताई."

"पण काहून? त्यात वाईट काय आहे?"

"वाईट काईच नाई. पन हासली थे, मी नाई हासलो. तू काहून भांडून राह्यली?"

विषय त्यानं तिथंच मिटवला. मी मात्र फोटो फोनमधून काढला नाही. त्यानं कधी काढ म्हटलं नाही. बहिणीला काय सांगायचं, असं वाटलं असेल त्याला.

तर तो फोटो त्याच्या मृत्यूच्या बातमीसोबत अर्ध्या पानभर छापून आला. भेटायला येणारा प्रत्येक जण त्याबद्दल बोलला. काय फोटो आहे, काय माणूस होता. तेरवीला आलेल्या त्याच्या छायाचित्रकार मित्रांनी प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि हाच फोटो दारासमोर लावायचा, असंही ठरलं. मी मान डोलावली. मला बरं वाटत होतं. भाऊ गेल्याच्या दुःखात मला चक्क बरं वाटत होतं, कारण माझी निवड अखेर सगळ्यांना पटली होती. सुनंदा पानं वाढत होती. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, ह्या फोटोला त्या बाई नको म्हणाल्या होत्या ना? हे नेहमी सांगायचे." ती रागावली असती तर मीही चार शब्द बोलले असते. ती फक्त विचारून पुढं गेली.

गेल्या आठवड्यात अकोटवरून अंजनगावला गेले. गाडीत तो फोटो मोठा करून गुंडाळून ठेवलेला होता. माफी मागायला निघाले आहे, असं मी घरी सांगितलं. मग गुंडाळी कशाला घेतली, हे ह्यांनी विचारलं नाही.

सुमनबाई अंगणात होत्या. मी विनूची बहीण, असं सांगितल्यावर त्यांनी बाज पुढं केली. आत ओसरीत त्यांची सासू भिंतीकडं तोंड करून बसलेली होती. मी बोलायला सुरुवात केली. गडबड झाली, दुःखात सुचलं नाही, असं काहीबाही. बाईंनी ऐकून घेतलं.

"भाऊनं तुमाले सांगतलं नवतं का, म्या नाई म्हनलं म्हनून?"

"सांगितलं होतं."

"मंग?"

 सुमनबाईंनी माझ्या गाडीकडं पाहिलं. काच खाली होती, मागच्या सीटवरची गुंडाळी दिसत होती. "माफी मांगाले आले का अजून इचाराले आले, ताई?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. मी दोन्हीसाठी आले होते.

मग त्यांनी आवाज आणखी खाली आणून सांगितलं. "मले लोकायचं काई नाई वाटत. मले ह्या म्हातारीचं वाटे. तिच्या पोराची राख थंडी नवती झाली अन मी हासली. तिनं पाहू नये म्हनून नाई म्हनलं होतं." बातमी छापून आली त्या सकाळी शेजारची पोरगी पेपर घेऊन आली, सुमनकाकूचा फोटो आला म्हणून नाचत. म्हातारीला वाचता येत नाही, पण लेकाचा सदरा तिनं ओळखला. तो सदरा त्या पहिल्याच महिन्यात कुणाला तरी देऊन टाकला होता, म्हणजे हसणं कधीचं ते तिला बरोबर कळलं. तेव्हापासून ती सुनेशी एक शब्द बोललेली नव्हती. सुनेनं वाढलेलं ताट तसंच सरकवत होती.

आणि आणखी एक. विनू दर साली त्या घरी जात होता, कॅमेऱ्याशिवाय. म्हातारीजवळ बसायचा, तिच्या हातचा चहा प्यायचा, तिच्या लेकाच्या गोष्टी ऐकायचा. मला यातलं काही माहीत नव्हतं, कारण मला पाठवण्यासारखं त्यात काही नव्हतं. "भाऊ गेले, हे तिले नाई सांगतलं," सुमनबाई म्हणाल्या. "थे त्यायच्यावरच जास्त भडकून हाय."

आमचं बोलणं आत गेलं असावं. म्हातारी भिंतीकडूनच म्हणाली, "कोन हाय थे? फोटोवाल्याच्या घरचं हाय का? त्याले म्हना, माह्या हातचा च्या पेला अन माह्याच घराचा तमाशा केला. जबान नाई थ्या पोट्ट्याले."

त्या क्षणी मला कळलं की मी काय छापलं होतं. सगळ्या वऱ्हाडात विनूचं नाव झालं होतं, आणि या एका ओसरीत, जिथं त्यानं ते सांभाळलं होतं, तिथं मी ते पुसून टाकलं होतं. मी आत जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, "आजी, त्यानं नाही छापला. सुमनबाईंना दिलेला शब्द त्यानं शेवटपर्यंत पाळला. मी छापला. त्याला न विचारता."

तिनं तोंड माझ्याकडं फिरवलं. "अन तो कोठी होता? बहिनीले आवरलं नाई त्याले? धाडा त्याले इकडं, मी बोलतो त्याच्याशी."

"तो नाही आता, आजी. गेला. फोटो छापायच्या आदल्याच दिवशी."

तिला ते लगेच कळलं नाही. मग कळलं. ती ओरडली नाही, रडली नाही. हात माझ्या दिशेनं थोडा उचलला आणि तिथंच धरून ठेवला, मारायचा की ठेवायचा हे ठरत नसल्यासारखा. बाहेर सुमनबाई दारात उभ्या होत्या.  मग म्हातारीनं हात खाली घेतला, पदरानं नाक पुसलं आणि दाराकडं पाहून म्हणाली, "सुमन, च्या मांड. त्याची बहीन आली हाय."

सुमनबाई चटकन वळून आत गेल्या. चुलीजवळ भांडं वाजलं आणि पाठोपाठ त्यांचं रडणं ऐकू आलं. थोड्या वेळानं माझ्यापुढं कप आला. माझ्या वाट्याचा नव्हता तो चहा. मी तो प्यायले.