आधी समुद्र, मग मिरची

ते प्रकरण आठवायला मला जुनी डायरी काढावी लागत नाही. घरात सुंठीचा वास आला की पुरतं.

निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. धानपट्ट्यातल्या एका ठाण्यात मी सहायक फौजदार होतो. मूळचा मी कोकणातला, खाडीकाठचा. शाळा नववीत सुटली, दहावी पुढं बाहेरून कशीबशी काढली. मामा चंद्रपूरला वीज केंद्रात होते, त्यांच्याकडे राहून भरती झालो आणि सगळी नोकरी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात काढली. इथल्या लोकांनी मला जेवू घातलं, बायको दिली, जमादार म्हणून मान दिला. त्यामुळे माझ्या हातून यांच्यापैकी कुणाचं वाईट होऊ नये, ही धास्ती मला शेवटपर्यंत होती. कुलूप लावलं तरी दोनदा ओढून बघणारा मी माणूस.

बाजाराचा दिवस होता. सकाळची हजेरी आटोपली आणि मिरचीचा मुकादम आत आला. धान निघाला की आमच्याकडच्या बायका टोळीनं तेलंगणात मिरची तोडायला जातात, महिना-दीड महिना तिकडेच राहतात. हा त्यांना नेणारा. तो सांगू लागला की एका जंगलगावच्या सहा बायांनी घरी सांगितलंय, आम्ही मुकादमासोबत मिरचीला जातो. "पण माह्या यादीत त्यायचं नावच नाई, साहेब. माही गाडी तं पंधरा दिवसानं जाते. मंग ह्या कोणासंग जाऊन राह्यल्या?"

मी त्याला बसवून अजून काही माहीत आहे का विचारलं. त्यानं आवाज उतरवला. बाजारातला बंगाली मासेवाला त्या बायांच्या आधारकार्डाच्या झेरॉक्स आणि फोटो गोळा करत होता, असं त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

पोलिसाच्या डोक्यात अशा वेळी एकच गोष्ट येते. कामाच्या नावाखाली बायकांना लांब नेऊन विकल्याची, डांबून ठेवल्याची प्रकरणं आम्ही पाहिलेली असतात. मुकादमाची माहिती स्टेशन डायरीत घेतली, एक शिपाई बाजारात धाडला आणि एक महिला शिपाई बसस्टँडवर उभी केली.

मासेवाला पाटीसकट आला. साठीचा, चामोर्शीकडच्या बंगाली वस्तीतला माणूस. त्याचे आईवडील निर्वासित म्हणून आलेले; तो इथंच वाढला. मी त्याला दादा म्हणायचो. नदीची कोळंबी आली की माझ्यासाठी वेगळी बांधून ठेवायचा. समुद्रापासून इतक्या लांब तेवढीच काय ती माझी माहेरची चव. त्याच माणसाला मी त्या दिवशी बाकावर बसवलं आणि नाव, गाव, वय अशी परक्यासारखी चौकशी सुरू केली.

त्यानं झेरॉक्स घेतल्याचं लगेच मान्य केलं. कशासाठी, ते सांगेना. दरडावलं, समजावलं, चहा पाजला. खाली मान घालून त्यानं एकच उत्तर दिलं, "बायांना वचन दिलं हाये, जमादार. त्या बोलतील तं बोलतील." पाटीतला बर्फ वितळून पाणी ओसरीभर झालं. दुपारपर्यंत ठाण्यात बसवेना असा वास सुटला. मी ते बघत होतो, तरी त्याला सोडलं नाही. संशयित गप्प राहिला की तो दोषीच, असं आम्ही सवयीनं धरतो.

दोनच्या सुमारास त्या सहाजणी चंद्रपूरच्या बसमध्ये चढताना सापडल्या. महिला शिपायानं त्यांना गाठोड्यांसकट ठाण्यात आणलं. त्यांच्यात एक पन्नाशीची बाई पुढारी होती, बाकीच्या तिच्या मागे दडत होत्या. मासेवाल्याला बाकावर पाहून ती थबकली.

"यायले काऊन बसवलं?"

मी म्हटलं, ते नंतर, आधी तुम्ही कुठं निघालात ते सांगा. सगळ्यांनी एका सुरात मिरची म्हटलं.

गाठोडी सोडायला लावली. मिरची तोडणाऱ्या बाईचं गाठोडं मला पाठ होतं. जुने पुरुषी शर्ट, तोंडाला बांधायचं फडकं, हाताची आग होते म्हणून खोबरेल, तांदूळ, दोन भांडी. ते सगळं होतं. पण प्रत्येकीच्या गाठोड्यात वर एक कोरं लुगडं किंवा साडी होती, घडीसुद्धा न मोडलेली. मिरचीच्या शेतात कुणी कोरी साडी नेत नाही. आणि प्रत्येकीच्या पदराला एकेक पुरचुंडी बांधलेली. मी एक सोडून पाहिली. सुंठ आणि मीठ लावून सुकवलेल्या लिंबाच्या फोडी.

मी तिथंच थांबलो. आमच्या बंदरात कुणी पहिल्यांदा मचव्यावर चढणार असेल, तर माझी आई अशीच पुरचुंडी करून द्यायची. लाटांवर बोट लागून मळमळतं, त्यावर ती चघळायची असते. मिरचीच्या शेतात कुणाला बोट लागते?

बाकीच्यांना बाहेर बसवलं. महिला शिपायाला शेजारी ठेवून मी त्या बाईला विचारलं, "बाई, जहाज कुठलं आहे?"

तिनं आपल्या पदराची गाठ पुन्हा घट्ट केली. मग म्हणाली, "अंदमानचं. मद्राशहून."

एकदा ते बाहेर पडल्यावर तिनं सगळं सांगितलं. मासेवाल्याच्या बहिणीचं लग्न अंदमानातल्या बंगाली वस्तीत झालेलं. तो बाजारात बसून तिकडचं सांगायचा. निळं पाणी, नारळ, पाण्यात पाय सोडून बसायचं. ह्या ऐकायच्या. तीन वर्षं मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या पैशातून बाजूला काढून बेत जमवला होता. बल्लारशाहून मद्रासपर्यंत साधा डबा, पुढं जहाजात सगळ्यात खालच्या वर्गाच्या फळ्या, त्या तिकिटांसाठीच त्या झेरॉक्स आणि फोटो, मुक्काम मासेवाल्याच्या बहिणीच्या पडवीत, तांदूळ घरचा. परतीचं तिकीट गावापर्यंत काढलंच नव्हतं. मद्राशहून येताना वाटेत खम्ममला उतरायचं, ओळखीच्या शेतात मिरची तोडायची आणि त्या मजुरीवर घरी यायचं.

"म्हंजे खोटं नाई, साहेब. अर्धंच खोटं. आधी समुद्र, मंग मिरची."

मी विचारलं, घरी लपवलं कशाला? आणि लपवायचंच होतं तर तिरुपतीला जातो म्हणायचं, कुणी अडवलं नसतं.

तेव्हा ती जे बोलली ते मी जबाबात लिहिलं नाही, पण शब्द न् शब्द लक्षात आहे. "देवाले जातो म्हणलं असतं तं गावानं देवापुढं फोडायले नारळ देल्ला असता. पण देवाचं नाव घेऊन खोटं कसं बोलाव? कामाले जातो म्हणलं तं कोणी इचारत नाई. समुद्र पाह्यले जातो म्हणलं तं सारे इचारते, काऊन? आता काऊन, ते आमाले तरी कुठी ठाऊक हाये."

रेल्वे संध्याकाळची होती. ती चुकली की जहाज चुकणार, आणि जहाज काही एसटी नाही की पुढची मिळेल. सहाजणींची तीन वर्षं माझ्या टेबलावर होती. सोडलं आणि खरंच काही दगा निघाला तर? 

मासेवाल्याच्या बहिणीला फोन लावला. मी पोलीस आहे हे ऐकूनही ती घाबरली नाही. मोडक्या हिंदीत तिनं विचारलं, सहा येणार ना, त्यातली मासे न खाणारी कुणी आहे का? तरी मी तिकडच्या ठाण्याला फोन करून तिचा पत्ता पडताळून घेतला. मग बाईला म्हटलं, घरच्या एका तरी माणसाला खरं ठाऊक असायला हवं, त्याशिवाय मी सोडणार नाही.

"सासूले ठाऊक हाये," ती म्हणाली. "सुंठ तिनंच बांधून देल्ली. म्हणे, मी चाळीस साल धानाच्या रोवण्याले गेली, चिखलाबिगर पाणी पाह्यलं नाई. तू पाहून ये अन् मले सांग."

जबाब घेतले. सर्व सज्ञान, स्वखुशीने प्रवासास जात आहेत, संशयास्पद काही आढळले नाही. डायरीत एवढीच नोंद केली. मुकादमाला तेवढंच सांगितलं. महिला शिपाई पुढच्या बसनं त्यांना बल्लारशाच्या फलाटापर्यंत पोचवून आली.

मासेवाला पाटी उचलून निघाला तेव्हा मी त्याच्या मागे गेलो. पाटीला एका बाजूनं हात लावला. तोच म्हणाला, "तुमचं काम होतं, जमादार. पण काही झालं का आमा बंगाल्यायचं नाव पयले येते, हे आमाले ठाऊक हाये." मासळी फुकट गेली त्याबद्दल तो काही बोलला नाही. पुढच्या बाजारी माझी कोळंबी पुन्हा वेगळी बांधलेली होती. त्याचे उपकार मी अजून मानतो.

दीड महिन्यानं ती बाई ठाण्यात आली. हाताची बोटं मिरचीनं सोललेली, बरोबर पसाभर लाल मिरची. मी विचारलं, कसा होता समुद्र? ती तक्रारीच्या सुरात म्हणाली, "तुमी तं तिकडचेच न, साहेब? मंग सांगतलं काऊन नाई, का तो रातभर चूप बसत नाई? पयल्या राती झोपच नाई लागली. आता घरी नाई लागत."

या प्रकरणात गुन्हा नव्हता, आरोपी नव्हता. पण मी काय शिकलो ते सांगतो. गरीब माणूस काही लपवत असेल तर पाप किंवा गुन्हाच लपवत असेल असं नाही. कधी कधी तो नुसता आनंद लपवतो, कारण त्या आनंदाचं कारण त्याला देता येत नाही. आणि मीही तसाच निघालो. इतक्या वर्षांत मी गावी गेलो तो कुणाच्या लग्नाला, नाही तर कुणाच्या दहाव्याला. रजेच्या अर्जात कारणाचा रकाना असतो, तो कधी मोकळा सोडला नाही. माझी बायको इथली, सावलीकडची. तिला समुद्र कधी दाखवला नव्हता.

त्या महिन्यात मी आठ दिवसांची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, पत्नीस समुद्र दाखवणे. ठाणेदारसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "एवढंच?"

"एवढंच, साहेब," मी म्हटलं. त्यांनी सही केली.