देव्हाऱ्यातलं गोष्टींचं पुस्तक

मित्रहो, आज दुपारी विंझरच्या सभेत मी तावातावानं म्हणालो, "पुस्तकांची पूजा थांबवा, ती पोरींच्या हातात द्या."

सभेनंतर नव्वदीच्या एका आजींनी मला शेजारी बसवलं. स्वातंत्र्याच्या आधी, त्या शेळ्या राखायच्या तेव्हा, मास्तरांनी त्यांना गोष्टींचं पुस्तक दिलं होतं. आईनं ते पोथी समजून देव्हाऱ्यात ठेवलं.

"आंगुळ केल्याबिगर हात लावायचा न्हाई. गोष्टीपायी थंडीतबी गार पाण्यानं आंगुळ करायची मी."

"ती पोथी नाही, हे आईला सांगितलं नाहीत?"

"येडा का काय तू? सांगितलं असतं तर लगीच शेळ्यांमागं पिटाळलं असतं. पोथी वाचणाऱ्या पोरीला कोन उठवतंय?"



तुमचं पहिलं पुस्तक तुम्ही कसं राखलंत?