आत्याचा कान

मुलगी हैदराबादला नोकरीला लागली, तिनं नवा लॅपटॉप घेतला आणि जुना आमच्या इचोड्याच्या घरी ठेवून दिला. कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी माणसं नि जनावरं घडवायची, हे तिचं काम. सुट्टीत आली असताना ती त्याच जुन्या लॅपटॉपवर काहीतरी करत बसली होती. मी भाजी निवडता निवडता मागून बघत होते. स्क्रीनवर मातीच्या रंगाचा एक गोळा होता आणि ती माउसनं त्याचे गाल वर आणत होती. मला माझा बा आठवला.

बा शेतमजूर. उन्हाळ्यात शेतात काम नसलं की मिस्त्रीच्या हाताखाली गिलाव्याला जायचा. नेरडीगोंड्याकडच्या आमच्या गावात बौद्ध वस्तीचा विहार म्हणजे तेव्हा चार कुडाच्या भिंती आणि वर टिनं. मूर्ती नव्हती, कॅलेंडरातला फोटो होता. एका उन्हाळ्यात बानं ठरवलं की सिमेंटचा बुद्ध आपणच करायचा. मी तेव्हा नुकतीच शाळेत जायला लागले होते. पाण्याचा गुंड भरून द्यायचं काम माझ्याकडे होतं. मूर्ती झाली, तिचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरासा वर होता, ओठ जाड होते, गाल भरलेले होते. पण हसू असं होतं की वंदनेला बसल्यावर आपल्याच घरातलं कोणी समोर बसलंय असं वाटायचं.

पुढे पक्का विहार झाला, पांढऱ्या दगडाची सुंदर मूर्ती आली. जुनी मूर्ती हलवताना मानेतून तुटली. लोकांनी तुकडे आदरानं नव्या चौथऱ्याच्या पायात ठेवले. बा तोवर गेला होता. त्या चेहऱ्याचा धड एक फोटो कुणाकडे नाही. एका लग्नाच्या फोटोत नवरीच्या खांद्यामागून अर्धा गाल तेवढा दिसतो.

"मला शिकव हे," मी मुलीला म्हटलं.

"तुला काय करायचंय, मम्मी?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "चेहरा नंतर. आधी बटाटा कर."

मी बटाटा करायला बसले. गोळ्यावर माउस दाबून फिरवला की तिथला भाग फुगतो, एक बटण धरून फिरवला की आत जातो, दुसरं बटण धरलं की सगळं गुळगुळीत होतं. ऐकायला सोपं होतं. पण गोळा फिरवायला गेले तर तो स्क्रीनवरून गायबच झाला. मुलगी हसली. "तू त्याच्या पोटात शिरलीस. मागे ये."

ती हैदराबादला परत गेली आणि मी शाळेतून आल्यावर रोज बसू लागले. मी मराठी शाळेत शिकवते. मुलांच्या हातात पहिल्यांदा पेन्सिल दिली की ती कशी कागद फाडेपर्यंत दाबतात, ते मला माहीत आहे. माझं तसंच होत होतं. नाक काढलं तर वांग्यासारखं लोंबायचं. नीट करायला जावं तर नाकच पुसलं जायचं. एक बरं होतं, चुकलं की मागे जाता येत होतं. बाच्या सिमेंटला ती सोय नव्हती. ते वाळायच्या आत जे होईल ते होईल. तो ओल्या फडक्यानं मूर्तीचा चेहरा झाकून भाकर खायला बसायचा आणि दोन घास खाऊन परत उठायचा.

माय माझ्याकडेच राहते. पहिले काही दिवस तिनं लक्ष दिलं नाही. ओठ झाले त्या संध्याकाळी खुर्ची ओढून बाजूला बसली.

"हे तर आपल्या विहारातलं व्हय," ती म्हणाली. "पण लय सरकं केलं तुनं."

सरकं म्हणजे सारखं, पण त्यात चुकलं काय ते मला कळत नव्हतं. मी फोनवर मुलीला विचारलं. तिनं सांगितलं की सॉफ्टवेअर आपोआप दोन्ही बाजू सारख्या करतं, इकडे केलं की तिकडे तसंच उमटतं. त्या सोयीपुढची बरोबरची खूण तिनं काढायला लावली. मग मी एक डोळा थोडा वर नेला. मायनं पदरानं चष्मा पुसला.

कानाशी मात्र मी अडले. व्हिडिओ बघून केलेले कान चिकटवल्यासारखे दिसत होते. माय म्हणाली, "कान तुया आत्याचा व्हता. तुया बाले बाजूनं कान कसा दिसते तेच ठाव नव्हतं. कॅलेंडरातला फोटो समोरून. मंग त्यानं तुया आत्याले भितीपाशी बसोलं."

हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. रविवारी लॅपटॉप पिशवीत घालून मी गावाला गेले.

आत्या अंगणात कापूस पसरून बसली होती. जय भीम घातला, पाणी प्यायले आणि तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. तिच्या कानाची पाळी जड बाळ्यांनी ओढून ओढून खांद्याच्या दिशेला आलेली. तीच पाळी, मधे तेच लांबट छिद्र. लहानपणी वंदनेच्या वेळी मी ज्या कानाकडे बघायचे, तो हा होता.

"काऊन पाहून राह्यली व माया कानाकडं?"

मी सांगितलं. आत्या हसायला लागली. "दुपारभर बसोलं मले त्यानं. हालू नको म्हणे. इकडं घरी भाकरी राह्यल्या. मंग मी उठून गेली. डावा कान त्यानं मनानंच केला."

म्हणूनच मूर्तीचे दोन कान वेगळे दिसायचे. तिच्या बाजूला बसून मी उजवा कान केला, एकदा तिच्याकडे बघत, एकदा स्क्रीनकडे. ती या वेळी उठली नाही. कापसातली पानं वेचत राहिली आणि मधून मधून बाच्या गोष्टी सांगत राहिली. तो बोटांना तेल लावून गाल घोटायचा. पोरं जमली की पाठ करून बसायचा. मला त्याची पाठच आठवत होती, बोटं आठवत नव्हती.

कान झाल्यावर मी लॅपटॉप तिच्यासमोर धरला. तिचा हात माउसवर ठेवून मूर्ती कशी फिरवायची ते दाखवलं. ती समोरून खूप वेळ बघत राहिली. मग हळूहळू फिरवत मागे नेली आणि थांबली. मागे नुसता गुळगुळीत गोळा होता.

"मांगं काईच नाई केलं तुनं."

"मागची बाजू भिंतीला लागून होती ना आत्या. कुणाला दिसत नव्हती."

"तुया बानं केली व्हती," ती म्हणाली. "खाली मानेपर्यंत केसाचे गोल गोल केले व्हते. भितीले लावाच्या आदी मी पाह्यले ना. मी म्हटलं, कोणाले दिसतीन रे हे? तो म्हणे, असू दे, हात चालून राह्यले."

ते केस आता चौथऱ्याखाली आहेत. मी तिला विचारलं, किती मोठे होते, एकमेकांना लागून होते की सुटे. तिनं कापसातून एक सरकी काढली आणि तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरली.

"एवढाले," ती म्हणाली. "अन् मानेपाशी अजून बारके."

अंगणात ऊन होतं तोवर मी ते करत बसले. आत्या शेजारून सांगत होती, हा मोठा झाला, हा बरोबर आहे. बस यायची वेळ झाली तेव्हा निम्मं डोकं झालं होतं. ती म्हणाली, उरलेलं पुढच्या रविवारी इथं येऊनच कर.